दोन बोटं म्हणजे किती?

बिघडलेल्या हेअरकटबद्दल कुणी गांभीर्याने बोलू लागले की समोरून हमखास एक वाक्य येते : ‘केसच आहेत ना, वाढतील.’ वाक्य खरे आहे. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे चार इंच जादा कापले गेले, तर ते भरून यायला आठ महिने लागतात. गुढीपाडव्याला बिघडलेले डोके दिवाळी उलटेपर्यंत तसेच मिरवावे लागते. शिवाय केस वाढवणे ही शरीराची कामगिरी आहे, त्याचे श्रेय सलूनने घेण्याचे कारण नाही. शिंप्याने ब्लाऊज बिघडवला तर तो उसवता येतो; कापलेली बट परत डोक्यावर लावता येत नाही. जी चूक दुरुस्त करता येत नाही ती टाळण्याची काळजी आधी घ्यायला हवी, आणि मुंबईतल्या नव्या सलूनांमधून नेमकी ही काळजीच हद्दपार होते आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. केस बहुतेक वेळा कात्रीने बिघडत नाहीत. कात्री उचलण्याआधी काही मिनिटे लागतात : विचारायला, ऐकून घ्यायला, कोरडे केस हातात धरून पाहायला. ती मिनिटे गेली की केस बिघडतात. ती कारागिराच्या आळसाने गेलेली नाहीत. जागेच्या भाड्यात आणि नोकरीच्या अटींत ती बसेनाशी झाली, म्हणून गेली.

या विषयावरचा देशातला सर्वांत गाजलेला खटला दिल्लीचा आहे. १२ एप्रिल २०१८ रोजी एका महिलेने पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये केस कापून घेतले. तिने सांगितले होते की, पुढे चेहऱ्यावर येतील अशा लांब बटा ठेवा आणि मागे खालून चार इंच सरळ कापा. तक्रारीनुसार घडले उलटे : वरून जेमतेम चार इंच केस उरले, खांद्याला टेकतील न टेकतील एवढे. केसांच्या उत्पादनांसाठी ती मॉडेल म्हणून काम करीत असे. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये तिला २ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेत त्रुटी होती या निष्कर्षाला हात लावला नाही. मात्र भरपाईची रक्कम पुराव्यावर ठरली पाहिजे, असे सांगून प्रकरण आयोगाकडे परत पाठवले. आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा २ कोटींचाच आकडा दिला आणि प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. या साठ महिन्यांत कुणाचेही केस ७५ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट वाढले असते.

वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती २ कोटींची. कुणाला रक्कम हास्यास्पद वाटली, कुणाला ती बाईच्या आत्मसन्मानाची किंमत वाटली. मला या प्रकरणातले ‘चार इंच’ जास्त महत्त्वाचे वाटतात. खालून चार इंच की वरून चार इंच, हा घोळ मिटवायला किती वेळ लागतो? केसांच्या टोकाशी बोट धरायचे आणि ‘इथपर्यंत ना?’ असे विचारायचे. दहा सेकंद पुरतात. पंचतारांकित हॉटेलात सारे काही होते, त्या दहा सेकंदांखेरीज.

आपल्याकडे माप इंचांतही सांगत नाहीत. ‘दोन बोटं काप’ असे सांगतात. कुणाची बोटे, आडवी की उभी, ओल्या केसांवर की कोरड्या, याचा उलगडा बोलण्यातूनच होतो. ओला केस ताणला जातो आणि वाळला की आखडतो. कुरळ्या किंवा लहरी केसांत हा फरक चांगलाच जाणवतो. म्हणून आधी शाम्पू करून मग मापाला हात घालणारा कारागीर प्रामाणिकपणे दोन बोटे कापतो आणि केस वाळल्यावर ती चार भरतात. प्रत्येकाच्या डोक्यावर भोवरा वेगळ्या जागी असतो. तिथला केस आखूड झाला की तो उभाच राहतो, कितीही विंचरा. भांग कोणत्या बाजूला, केस रोज बांधायचे की मोकळे सोडायचे, सकाळी केसांना किती वेळ मिळतो, तेल लावता की नाही, यांतली एकही गोष्ट मोबाइलमधल्या फोटोत दिसत नाही. फोटोत दुसऱ्याच बाईचे केस असतात.

दादरकर असूनही मी या पावसाळ्याआधी लोअर परळच्या एका नव्या सलूनमध्ये गेले, ते उत्सुकतेपोटी. दारात मोबाइल नंबर आणि वाढदिवसाची तारीख विचारली गेली. एकाने केस धुतले, दुसऱ्याने कापले, तिसऱ्याने ड्रायर फिरवला. तिघेही नम्र होते, तिघांचेही हात सराईत होते. मला प्रश्न मात्र चौथीने विचारला, तोही बिल करताना : ‘मॅडम, हेअर स्पा ॲड करायचाय का?’ वातानुकूलित हवेत, ब्लो-ड्राय केलेले केस आरशात झकास दिसत होते. करी रोड स्टेशनचा पूल चढेपर्यंत मुंबईच्या दमट हवेने आपला अभिप्राय दिला. डावी बाजू वर, उजवी खाली, आणि भोवऱ्यापाशी एक बट ताठ उभी. कापणारा मुलगा अडाणी होता असे मी म्हणणार नाही. माझे केस मुंबईच्या हवेत कसे वागतात हे त्याला ठाऊक नव्हते, आणि ते विचारण्याचे त्याला पैसे मिळत नव्हते.

पैशांचा हा मुद्दा परळमध्ये उभे राहून पाहिला की नीट उमजतो. याच भागात मुंबईच्या ५८ गिरण्यांपैकी बऱ्याचशा होत्या. विल्यम बॉमोल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात एक साधी गोष्ट मांडली : यंत्रांमुळे कारखान्यातल्या कामगाराचे उत्पादन वाढत जाते, पण चौघांनी वाजवायची संगीतरचना आजही चौघांनाच आणि तेवढाच वेळ वाजवावी लागते. अर्थशास्त्राचे शिक्षक हेच समजावताना हटकून केस कापण्याचे उदाहरण देतात. गिरणीतल्या मागाचा वेग दर पिढीला वाढला. डोके मात्र आजोबांच्या काळात जेवढा वेळ मागत होते तेवढाच आजही मागते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या ओसरत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल, कार्यालये, उपाहारगृहे उभी राहिली. त्या इमारतींत सलून थाटले की भाडे नव्या मुंबईच्या दराने द्यावे लागते आणि काम मात्र जुन्याच गतीने होते. मग मालकाकडे दोनच उपाय उरतात : दर वाढवायचा, किंवा दर डोक्यामागचा वेळ कमी करायचा. प्रत्यक्षात दोन्ही होते. कापण्याचा वेळ फारसा आटवता येत नाही, कारण तो गिऱ्हाइकाला दिसतो. आटतो तो बोलण्याचा वेळ, कारण तो बिलात कुठेच नसतो.

सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. गिऱ्हाईक म्हणून आनंद आहे. पण या ५ टक्क्यांत सलूनला खरेदीवर भरलेला कर वजा करून मिळत नाही. दुकानाच्या भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी आता खर्चातच धरावा लागतो. भाड्याचे ओझे कमी झालेले नाही, म्हणून घाईसुद्धा कमी होणार नाही. ज्यांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे, त्या गल्लीतल्या छोट्या सलूनांना हा कर आधीही लागू नव्हता. गंमत अशी की ऐकून घेण्याची चैन अजून परवडते ती बहुधा त्यांनाच.

इथपर्यंत वाचून काही जण सुस्कारा टाकतील : ‘म्हणून म्हणतो, आमचा गिरगावातला न्हावीच बरा होता.’ त्यांच्याशी माझे भांडण आहे. गिरगावातल्या जुन्या सलूनच्या आठवणी मराठीत पुष्कळ ऐकायला मिळतात, आणि जवळपास सगळ्या पुरुषांच्या असतात. समोरासमोरचे आरसे, गोल फिरणारी खुर्ची, लहान मुलाला उंच बसवण्यासाठी हातांवर आडवी टाकलेली फळी, तुरटीचा खडा, पाण्याचा फवारा, घडी मोडलेले वर्तमानपत्र आणि ठाकूरद्वारपासून दिल्लीपर्यंतचे राजकारण. खरोखर मौज होती. पण त्या दुकानात बाई शिरलीच तर मुलाचा हात धरून, त्याचे केस कापून होईपर्यंत कडेच्या बाकावर बसायला. तिचे स्वतःचे केस घरी आईने नाहीतर जावेने कापायचे, टोके समान करण्यापुरते. पुढे चाळीतल्याच एखाद्या खोलीत पडदा टाकून पार्लर निघाले, तेव्हा कुठे तिला खुर्ची मिळाली. ज्या संवादाची आठवण पुरुष काढतात, त्या संवादात निम्मी मुंबई कधी नव्हतीच.

शिवाय त्या संवादाची किंमत कोण मोजत होते, हेही विचारले पाहिजे. गावगाड्यात न्हावी बलुतेदार होता. घराघराच्या हजामती करायच्या आणि सुगीला बलुते घ्यायचे. त्याला प्रत्येकाचे डोके पाठ होते, पण नाही म्हणण्याची सोय नव्हती. राम नगरकरांनी ‘रामनगरी’त याच जातीत वाढलेल्या माणसाची कहाणी सांगितली आणि रंगमंचावर लोकांना खदखदा हसवले. त्या हसण्याखाली अपमानाचा साठा किती खोल होता हे ऐकणाऱ्याला कळल्यावाचून राहत नसे. तेव्हा ओळख, आपुलकी, ‘आमचा न्हावी’ हे सगळे मान्य करून म्हणावे लागते की ती आपुलकी एका बाजूने सक्तीची होती. मला तो काळ परत नको आहे.

मला त्या इतिहासातली एक वेगळी गोष्ट हवी आहे. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली. लोखंडे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधू’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे त्या सभेत न्हाव्यांनी ठरवले. नवरा मेला म्हणून बाईचे डोके भादरायचे हे समाज ठरवणार आणि वस्तरा मात्र न्हाव्याने चालवायचा, या व्यवस्थेला वस्तरा धरणाऱ्या हातांनीच नकार दिला. हे काम त्यांच्या पोटाचे होते, तरी दिला. त्याच वर्षी, १० जून १८९० रोजी, लोखंड्यांच्या प्रयत्नांना यश येऊन गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवारच्या सकाळी केस कापायला रांग लावणाऱ्या या शहराने एवढी तरी आठवण ठेवायला हरकत नाही.

केशवपन आणि लोअर परळमध्ये बिघडलेला लेअर कट यांना एका तागडीत घालण्याचा वेडेपणा मी करणार नाही. एकात बाईचे माणूसपण हिरावले जात होते, दुसऱ्यात फार तर आठ महिने वैताग होतो. तरीही त्या सभेतून दोन गोष्टी आजच्या खुर्चीपर्यंत येऊन पोचतात. पहिली ही की, बाईच्या डोक्यावरचे केस किती असावेत हे तिने स्वतः ठरवणे ही अलीकडची आणि मोठ्या कष्टाने आलेली गोष्ट आहे. म्हणून तिने सांगितलेले माप ऐकून घेणे हा निव्वळ शिष्टाचार राहत नाही. दुसरी गोष्ट कारागिराची. ज्याला नाही म्हणता येते त्याच्याच होकारावर विश्वास ठेवता येतो. ‘ताई, तुमच्या केसांना हा कट बसणार नाही, आठवड्यात वैतागाल,’ असे म्हणणारा कारागीर हा धंद्यातला खरा जाणकार. नव्या सलूनमधल्या मुलाला हे वाक्य परवडत नाही. पगार बेताचा, वर लक्ष्य गाठले तर कमिशन, अशी रचना या धंद्यात सर्रास आहे. त्याने नाही म्हटले तर बिल जाते. हो म्हटले तर फार तर गिऱ्हाईक जाते, आणि ते त्याचे नसतेच, ब्रँडचे असते.

गडहिंग्लज तालुक्यातल्या हासूरसासगिरीच्या शांताबाई यादव यांचे नाव इथे घ्यायला हवे. १९८४ मध्ये पती वारल्यावर चार मुलींना वाढवण्यासाठी त्यांनी वस्तरा हातात घेतला. बाईच्या हातून दाढी करून घेणे हे त्या काळच्या गावात केवढे आक्रीत होते, याची कल्पना सहज करता येते. तरी गिऱ्हाईक टिकले. मला त्यात दिसते ते असे की, गिऱ्हाईक शेवटी हात ओळखते आणि त्या हाताकडेच परत येते. दुकानाची पाटी, खुर्चीची कापडी की चामडी गादी, भिंतीवरचे मोठाले फोटो यांवर विश्वास बसायला वेळ लागतो. माणसावर तो एका चांगल्या कामात बसतो.

आता आपल्याकडे, म्हणजे गिऱ्हाइकांकडे वळू. काम संपल्यावर मागे आरसा धरून ‘ठीक आहे?’ असे विचारले जाते, आणि आपण मान डोलावतो. बोलून काय उपयोग, कापलेले परत येणार थोडेच, असा हिशेब असतो. मग घरी जाऊन मैत्रिणींपाशी बोलतो, फार झाले तर मोबाइलवर दोन तारे देतो आणि पुढच्या वेळी दुसरे सलून शोधतो. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली लिहिलेल्या एका छोट्या पुस्तकात असमाधानी माणसापुढच्या दोन वाटा सांगितल्या होत्या : निघून जाणे किंवा तोंड उघडणे. निघून जाणे सोपे झाले की तोंड उघडणारे कमी होतात, आणि दुकानाला नेमके काय चुकले ते कळतच नाही. दादरच्या रानडे रोडच्या परिसरात इतके पर्याय आहेत की बोलण्याची गरजच उरत नाही. गिऱ्हाईक एका दारातून निघून दुसऱ्या दारात जाते आणि तिथेही तीच चूक नव्याने करून घेते.

बोलण्याने काय फरक पडतो याचा धडा आपल्याला टाळेबंदीत मिळाला होता. मार्च २०२० पासून सलूने बंद होती. महाराष्ट्रात २८ जून २०२० पासून केस कापायला परवानगी मिळाली, दाढीला तेव्हाही नव्हती. मधल्या तीन महिन्यांत घराघरांत कात्र्या निघाल्या. बायकोने नवऱ्याचे, मुलीने आईचे केस कापले आणि बहुतेकांचे यथातथाच कापले गेले. त्याचे कुणाला फारसे दुःख झाले नाही. एक तर अपेक्षा माफक होती. दुसरे म्हणजे कापणाऱ्याला दर दोन मिनिटांनी ‘थांब, जरा बघू दे’ असे म्हणता येत होते. निकृष्ट कामाने माणूस खट्टू होतो, पण आपले म्हणणे कुणी विचारलेच नाही याने तो दुखावतो. सलूनमधून बाहेर पडताना जे बोचते ते बव्हंशी हे दुसरे असते.

यावर कायदा आहे असे कुणी म्हणेल. आहे. सेवेतील त्रुटीबद्दल २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते, आणि मोबदला ५ लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला शुल्कही पडत नाही. दक्षिण आणि मध्य मुंबईचे जिल्हा आयोग परळच्या पुरवठा भवनात आहेत, म्हणजे दादर-परळच्या माणसाला लांब जायचीही गरज नाही. पण दीड-दोन हजारांच्या हेअरकटसाठी तारखा कोण घेत बसणार, आणि ‘मी दोन बोटं म्हणाले होते’ याचा पुरावा कुठून आणणार? दिल्लीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुराव्यावर बोट ठेवले ते याच अर्थाने रास्त होते. कायदा नुकसान मोजू शकतो. खुर्चीतला संवाद त्याला घडवून आणता येत नाही.

तो घडवायचा तर कारागिराची बाजू भक्कम करावी लागेल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत केशकर्तनाचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि दोन टप्प्यांत मिळून ३ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज मिळते. एवढ्यात कात्र्या, मशीन आणि खुर्ची येईल, लोअर परळमध्ये गाळा येणार नाही. पण गाळाच हवा असे कुठे आहे? इंग्लंड-अमेरिकेत कितीतरी कारागीर सलूनमधली फक्त खुर्ची भाड्याने घेतात आणि गिऱ्हाईक स्वतःचे ठेवतात. आपल्या सलूनांनी हे करून पाहावे. गिऱ्हाईक माझे आहे म्हटल्यावर त्याचा भोवरा कुठे आहे हे मी लक्षात ठेवीन, न बसणारा कट नाकारीन, आणि सहा आठवड्यांनी ते परत यावे म्हणून आज दहा मिनिटे जास्त देईन. यात कुणी संत होण्याची गरज नाही. ज्याचे गिऱ्हाईक त्याचा फायदा, एवढेच पुरे आहे.

आणि गिऱ्हाइकाने त्या दहा मिनिटांचे पैसे द्यायला तयार असावे. आपण ब्लो-ड्रायचे देतो, सीरमचे देतो, घोटभर ग्रीन टीचे न कळत देतो. ऐकून घेण्याचे मात्र फुकट मागतो आणि म्हणून ते मिळत नाही. सलूनच्या दरपत्रकात ‘कोरड्या केसांची पाहणी व सल्ला, दहा मिनिटे’ अशी ओळ सर्वांत वर असावी, तिच्यापुढे दर असावा, आणि सल्ला देणाऱ्यानेच कात्री धरावी. ती दहा मिनिटे पैसे मोजून घेतली की आपली म्हणून घेता येतात. मग दोन बोटे म्हणजे किती हे कापण्याआधीच ठरेल, आणि कारागीर ‘नको’ म्हणाला तर त्याचे पैसे बुडणार नाहीत.